शहरातल्या इनडोअर ॲक्वेरियममध्ये: आधी मासा, मग स्क्रीन

प्रोजेक्शन, टचस्क्रीन, रंग बदलणारे दिवे आणि त्यामागे जिवंत समुद्री प्राणी, अशी इनडोअर ॲक्वेरियम आता मोठ्या शहरांत असतात. बरीच मंडळी तिथून दिव्यांचे फोटो घेऊन परततात आणि प्राणी बघायचे राहूनच जातात. हे टाळायचं तर प्रत्येक टाकीसमोर एकच क्रम पाळा: आधी दोन मिनिटं नुसतं पाण्यात बघा, माहितीच्या स्क्रीनला हात नंतर लावा. मासा बघितल्यावर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनवर शोधलं तर ते डोक्यात राहतं.

तिकीट स्लॉटचं असेल तर दिवसाचा पहिला स्लॉट घ्या आणि दोन-अडीच तास मोकळे ठेवा. शोच्या आणि प्राण्यांना खाऊ घालण्याच्या वेळा आधीच टिपून घ्या. ॲप असेल तर घरीच डाउनलोड करा, कारण आत बऱ्याचदा नेटवर्क मिळत नाही. कॅमेरा सतत चालू ठेवून समोरच्या दृश्यावर चित्रं आणि माहिती दाखवणारं एआर ॲप बॅटरी भराभर संपवतं, म्हणून पॉवरबँक जवळ असू द्या. कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा शर्ट टाकीच्या काचेवर उमटतो आणि प्रत्येक फोटोत येतो. लखलखत्या दिव्यांनी कुणाला फिट येण्याचा त्रास असेल, तर कोणत्या दालनात तसे दिवे आहेत हे प्रवेशद्वारावरच विचारा.

गर्दी पहिल्या दालनात तुंबते. मागे परतायची मुभा असेल तर ते ओलांडून पुढे जा आणि नंतर या. मात्र खोल समुद्राचं किंवा निशाचर प्राण्यांचं दालन लगेच गाठू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. तिथे तांबडा दिवा असतो, कारण खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना तांबडा उजेड दिसत नाही आणि ते बिनधास्त वावरतात. त्या दालनात फोनची स्क्रीन उघडली की त्यांचीही शांतता मोडते आणि आपल्या डोळ्यांची सवयही.

टाकीची ‘काच’ बहुधा ॲक्रिलिकची असते. तिच्यासमोर अगदी सरळ उभे राहा. तिरकं बघितलं की मासा ताणलेला दिसतो आणि कडांना रंगीत झालर येते. सरळ बघतानाही पाण्यामुळे अंतर फसवं असतं: काचेपासून चार फूट आत असलेला मासा तीन फुटांवर आल्यासारखा आणि म्हणून मोठा भासतो. ॲक्रिलिकवर अंगठी, किल्ली, बॅगची चेन घासू देऊ नका, लगेच ओरखडा उठतो. टकटक तर अजिबात नको. मासे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील पार्श्वरेषेने पाण्यातली बारीक कंपनंही टिपतात.

जेलीफिशचं दालन सर्वांत चकचकीत असतं, आणि फसगतही तिथेच होते. मून जेलीफिश मुळात जवळपास पारदर्शक असते, निळा-जांभळा रंग एलईडीचा. दिव्यांचं चक्र पांढऱ्यावर येईपर्यंत थांबा. मग छत्रीच्या मधोमध घोड्याच्या नालासारखे चार आकार स्पष्ट दिसतील, ते प्रजनन अवयव. टाकी गोल असते, कारण कोपऱ्यात अडकलं तर हे मऊ शरीर फाटतं. कडेने फिरणारा हलका प्रवाह त्यांना तरंगत ठेवतो.

गार्डन ईल म्हणजे वाळूतल्या बिळातून अर्धं अंग बाहेर काढून राहणारे सापासारखे बारीक मासे. त्यांच्या टाकीजवळ दबक्या पावलांनी जा आणि दोन हात अंतरावर थांबा. हात हलवला की सगळ्या वाळूत गडप होतात, बाहेर यायला काही मिनिटं घेतात. टोकियोच्या सुमिदा ॲक्वेरियममध्ये कोविडच्या टाळेबंदीत त्यांना माणसं दिसेनाशी झाली आणि देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही घाबरून ईल लपू लागल्या. आजारी पडल्या तरी कळायचं नाही, अशी वेळ आली. तेव्हा मे २०२० मध्ये टाकीसमोर टॅब्लेट मांडून लोकांना व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवायला सांगितलं होतं. तंत्रज्ञानाचा इतका नेमका उपयोग क्वचितच बघायला मिळतो.

टच पूलमध्ये, म्हणजे प्राण्यांना हात लावता येणाऱ्या उथळ टाकीत, हात घालण्याआधी ते कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवा. सॅनिटायझर, क्रीम, सनस्क्रीन यांचा अंश प्राण्यांना घातक ठरतो. हात पाण्यात सपाट धरा, पाकट स्वतः जवळून जाऊ द्या, दोन बोटांनी पाठीवरून हलकेच स्पर्श करा. शेपटी धरू नका, कुठलाही प्राणी पाण्याबाहेर उचलू नका. बाहेर आल्यावर मात्र साबण लावा.

फोटोसाठी फ्लॅश आणि फोकसचा मदतदिवा, दोन्ही बंद करा. बहुतेक माशांना पापण्या नसतात, शिवाय फ्लॅश काचेवर आपटून फोटोच पांढरा होतो. फोन किंवा लेन्सचा रबरी हूड काचेला हलकेच टेकवा म्हणजे प्रतिबिंब जातं. कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि शटरचा वेग १/१२५ सेकंदापासून सुरुवात करा, चपळ माशांना १/२५० लागतं. एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर ५० हर्ट्झ वीज असलेल्या देशात १/१०० किंवा १/५०, आणि ६० हर्ट्झच्या देशात १/१२० किंवा १/६० करून बघा. जेलीफिश पांढरीफटक येत असेल तर एक्स्पोजर एक पायरी खाली आणा, कारण काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा उजेड वाढवतो. प्रवाळाच्या टाकीत सगळं निळंच येतं. तिथे लेन्ससमोर नारिंगी फिल्टर धरला की निळा अडतो आणि प्रवाळाची हिरवी, तांबडी चमक उमटते.

डॉल्फिन शोला पाण्याच्या पडद्यावरचं प्रोजेक्शन बघायचं असेल तर मधल्या उंचीच्या रांगा निवडा. पुढच्या रांगांत भिजणं ठरलेलंच आणि ते पाणी खारं असतं. फोनवर शिंतोडे उडाले तर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा, मग कोरडा करा. चार्जिंगच्या फटीत ओल असेपर्यंत चार्जर किंवा पॉवरबँक जोडू नका, खाऱ्या पाण्याने पिना गंजतात.