भुयारी मेट्रो स्थानकात पाणी येते ते सांध्यातून: तपासणीतल्या या चुका टाळा

मुंबईच्या कुलाबा–वांद्रे–सीप्झ मार्गावर 27 पैकी 26 स्थानके जमिनीखाली आहेत. अशा स्थानकाच्या भिंतीत घट्ट ओतलेल्या काँक्रीटमधून पाणी क्वचितच झिरपते. ते वाट काढते सांध्यांतून, आणि तपासणीत सर्वांत कमी वेळ मिळतो तोही सांध्यांनाच.

ट्रेमी पाइप घाईने वर खेचणे
डी-वॉल (स्थानकाभोवती जमिनीत खंदक खणून ओतलेली काँक्रीटची भिंत) ओतताना काँक्रीट खंदकाच्या तळाशी सोडणाऱ्या या पाइपचे तोंड ताज्या काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेले हवे. ते बाहेर आले की बेंटोनाइट (खंदक ढासळू नये म्हणून भरलेला चिकणमातीचा द्रव) आत शिरते आणि भिंतीत गाळाचा पट्टा राहतो. खोदाई होईपर्यंत तो कुणाला दिसत नाही. दर मिक्सरनंतर वजन लावलेल्या टेपने काँक्रीटची पातळी मोजा, मगच पाइपचा तुकडा सोडवा. शेजारचे पॅनेल (भिंतीचा एकावेळी ओतला जाणारा भाग) ओतण्याआधी जुन्या पॅनेलच्या कडेला चिकटलेले बेंटोनाइट खरवडून काढलेच पाहिजे.

कपलर चुकीच्या पातळीवर जाणे
स्लॅबच्या सळया भिंतीला जोडायचे कपलर भिंतीच्या सळयांच्या पिंजऱ्यासोबतच खाली जातात. पिंजरा थोडा खचला किंवा वर उचलला गेला, तर पातळी चुकते. मग सळई वाकवून जुळवण्याचा मोह होतो. तो टाळा. डिझायनरची लेखी दुरुस्ती घ्या. रसायनाने बसवलेल्या सळया मंजूर झाल्या, तर त्यांची ओढ-चाचणी करा. कपलरची टोपणे शाबूत आहेत का, हे पिंजरा उतरवण्याआधीच बघा.

वॉटरस्टॉप नुसता एकमेकांवर ठेवणे
वॉटरस्टॉप म्हणजे सांध्यात पाणी अडवणारी पीव्हीसी पट्टी. तिचे तुकडे वितळवूनच जोडावे लागतात. पट्टी सांध्याच्या मधोमध, तारेने सळईला ताणून बांधलेली असावी. नाहीतर व्हायब्रेटरच्या धक्क्याने ती दुमडते आणि खाली पोकळी राहते. पोअर कार्डवर (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचा कागद) सही करण्यापूर्वी तिच्यावर हात फिरवून बघा. फोटोत ती दुमड कळत नाही.

अर्धवट प्रवेशद्वार गृहीत धरणे
26 मे 2025 च्या मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले ते काम सुरू असलेल्या प्रवेशमार्गातून. तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली होती. दोन मीटर पाणी साचले की भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे दोन टन जोर येतो. पाणी चार मीटर झाले की तोच जोर आठ टन होतो. म्हणून तात्पुरत्या भिंतीचेही गणित हवे, आणि पावसाळ्याआधी तिची वेगळी पाहणी हवी.

वाहत्या गळतीवर प्लास्टर करणे
पाणी मागून दाबत असते, त्यामुळे प्लास्टर सुटते. आधी जवळची जलवाहिनी फुटलेली नाही ना, याची खात्री करा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने 45 अंशांत छिद्रे पाडा, जेणेकरून ती भिंतीच्या साधारण मध्यावर भेगेला छेदतील. छिद्रांत पॅकर (रसायन आत ढकलायच्या छोट्या नळ्या) बसवून पॉलियुरेथेन (गळती बुजवणारे रसायन) खालून वर भरत जा. पुढच्या पॅकरमधून ते बाहेर आले की तिकडे सरका. पॉलियुरेथेन पाणी थांबवते, पण भिंतीला ताकद देत नाही. भार पेलणाऱ्या भागातली भेग असेल तर डिझायनरला दाखवल्याशिवाय ती बंद करू नका.