टॅरोचा सचित्र कॅट पारखायचा कसा?

टॅरो म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते. त्यांच्या कोणत्याही जाहिरातीत आधी 'द फूल', 'द मून', 'द लव्हर्स' हेच पत्ते दिसतात. हे 22 मेजर अर्कानातले, म्हणजे मुख्य पत्त्यांतले. इथे चित्रकार जीव ओततोच. कॅटाची खरी परीक्षा उरलेल्या 56 पत्त्यांत असते, म्हणून सुरुवात तिथून करा.

दुर्रीपासून दश्शीपर्यंतचे पत्ते बाजूला काढा. ऑनलाइन घेत असाल तर त्यांचे फोटो शोधा. कप्सची (पेल्यांची) पंजी बघा. नुसते पाच पेले मांडलेत, की काही घडतंय? मार्सेय या फ्रेंच धाटणीच्या जुन्या कॅटात पेलेच मोजायचे, आपल्या बदाम-चौकटसारखे, आणि अर्थ पाठ करायचा. 1909 साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सनने काढलेल्या कॅटात मात्र काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन शाबूत आहेत आणि नदीपलीकडे जायला पूल आहे, पण त्याचं तिकडे लक्षच नाही. एवढं दिसलं की पुस्तक उघडायची घाई राहत नाही. ही चित्रं पामेला कोलमन स्मिथची, कल्पना गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांची. कॅट मात्र कित्येक वर्षं 'रायडर-वेट' याच नावाने विकला गेला. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही असते, ती नक्की शोधा.

आता खालचं नाव बोटाने झाका आणि पत्ता हात लांब करून धरा. ओळखू येतो का? वाँड्स आणि स्वोर्ड्स शेजारी ठेवा. काठी कुठली आणि तलवार कुठली, हे कळायला डोळे बारीक करावे लागले तर तो कॅट भिंतीवर लावायला छान, वापरायला नाही. दहा पत्ते एकत्र मांडल्यावर बारीक नक्षीचा नुसता गोंधळ दिसतो.

मग पिसून बघा. टॅरोचा पत्ता बहुधा 70 बाय 120 मिमी असतो, म्हणजे रमीच्या पत्त्यापेक्षा बराच उंच. हात लहान असतील तर आडवा धरून पिसा. मी एकदा सोनेरी कडांना भुलले. पहिल्या दिवशी पत्ते एकमेकांना चिकटून बसले आणि महिन्याभरात सोनं बोटांना लागायला लागलं. तेव्हापासून मी मॅट फिनिशच घेते.

उलट्या आलेल्या पत्त्याचा अर्थ वेगळा लावत असाल तर पत्त्याची पाठ बघा. नक्षी वरून-खालून सारखी नसेल तर उलटा पत्ता उचलायच्या आधीच कळतो. (सावंतवाडीच्या गंजिफेत ही भानगडच नाही, तिचे पत्ते गोल!)

एक छोटी गोष्ट राहून जाते. रायडर-वेटमध्ये 'स्ट्रेंग्थ' 8 वा आणि 'जस्टिस' 11 वा, मार्सेयमध्ये बरोबर उलटं. कॅट एका धाटणीचा आणि पुस्तक दुसरीचं, असं झालं की नवखा माणूस हमखास अडकतो.

वापरलेला कॅट घेत असाल तर पैसे देण्याआधी तिथेच बसून 78 पत्ते मोजा. जाहिरातीचे एक-दोन कोरे पत्ते त्यात धरू नका.