गोदाघाटावर डॉक्युमेंटरी करताय? आवाजाच्या या चुका टाळा

नाशकात कॅमेरा हातात आला की पाय आधी रामकुंडाकडेच वळतात. गर्दी, पाणी, संध्याकाळची आरती. फ्रेम कुठेही लावा, छानच दिसते. घोळ कळतो तो एडिटला बसल्यावर. मुलाखत आरतीच्या लाउडस्पीकरखाली घेतलेली असते, आणि बोलण्यातलं एक वाक्य उडवलं की मागची आरतीही उडी मारते. हे नंतर धड निस्तरता येत नाही. गुरुजींशी बोलायचं ते दुपारी, घाटापासून जरा आत, एखाद्या वाड्याच्या खोलीत. आरती मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, वेगळी रेकॉर्ड करा. मग ती बोलण्याखाली हवी तिथे घालता येते.

माझ्या मते सगळ्यात महागात पडतो तो ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी रेकॉर्डरने आपोआप कमी-जास्त करणं. भांडी बाजारात तांबटकाका बोलता बोलता हंड्यावर ठोका घालतात. ऑटोवरचा रेकॉर्डर ठोक्याला दचकून लेव्हल खाली दाबतो, ती परत वर यायला क्षणभर जातो, आणि नेमके तेवढेच शब्द गिळले जातात. काका गप्प झाले की उलटं: गेन चढतो आणि बाहेरच्या रिक्षा दुकानात शिरतात. लेव्हल हाताने लावा. बोलण्यातले सर्वात मोठे आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. रेकॉर्डरमध्ये सोय असेल तर तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर आणखी थोडा खाली घ्या. त्याहून सोपं म्हणजे, "काका, पाच मिनिटं हातोडी खाली ठेवता का?" असं सरळ विचारावं. ठोके नंतर, माइक लांब धरून घ्यावेत.

कॉलर माइकची खरखर बहुतेक वेळा कपड्याची असते. कडक इस्त्रीचा शर्ट, पदर, आणि मंगळसूत्राचे मणी तर हमखास. माइक मण्यांपासून दूर लावा, वायरीला एक वेटोळं देऊन चिकटपट्टीने कपड्यावर बसवा. आणि हेडफोन घाला! मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय, असं नसतं.

दिंडोरीकडे द्राक्षबागेत शूट असेल तर माइकवरचा नुसता फोम वाऱ्याला पुरत नाही, केसाळ विंडशील्ड हवं.

घरात मुलाखत असेल तर पंखा, फ्रीज बंद करा. गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. नाहीतर त्या माउलीचं दूध नासायचं. उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा मोकळा आवाज मिनिटभर घ्या. कापलेल्या वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

चित्राचं एकच सांगतो. दुकानातल्या ट्यूबखाली पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्यात बिघाड शोधू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की ते बहुतेक वेळा जातात. स्वस्तातला एलईडी तरीही लुकलुकत असेल, तर तो बंद करून माणसाला दाराच्या उजेडात बसवा.