शाळेतली आरोग्य तपासणी: रजिस्टर भरतं, पोर तसंच राहतं. या चुका टाळा

सांगली-सातारा भागातल्या शाळांना आरोग्याच्या योजना कमी नाहीत. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन येतं. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला जंताची गोळी असते, सोमवारी लोहाची गोळी, मंगळवारी आरोग्य दिवस. एवढं असूनही चौथीत फिकट दिसणारी मुलगी सातवीत गेली तरी फिकटच दिसते. आपण शाळावाले आरोग्याचं काम त्या दिवसापुरतं करतो. फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, रकाना भरतो आणि दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. खालच्या बहुतेक चुका याच सवयीतून आलेल्या आहेत.

संदर्भ चिठ्ठी दप्तरातून पाठवणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पथकात डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स असतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी ते बघतात. काही सापडलं की ग्रामीण रुग्णालयाची किंवा सिव्हिलची चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी आपण पोराच्या हातात देतो, पोरगं ती वहीत ठेवतं आणि वही रद्दीत जाते.

चिठ्ठी घरी पोचली तरी पालक निघतातच असं नाही. जतच्या पूर्व भागातून सांगलीला सिव्हिलला जायचं म्हणजे दिवस गेला आणि मजुरीही बुडाली. त्यात ‘हृदयाचं आहे’ एवढंच कानावर आलं की लाखोंच्या खर्चाची धास्ती बसते. या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलाच्या उपचाराचा खर्च शासन करतं, हे त्यांना कुणी समोर बसवून सांगितलेलंच नसतं. म्हणून पालकांना शाळेत बोलवा. कुठल्या वारी, किती वाजता, कुणाला भेटायचं आणि सोबत कोणती कागदपत्रं न्यायची, हे पथकाला फोन करून आधी विचारून ठेवा. आशाताईंना सोबत जाता येतं का ते बघा. रजिस्टरला ‘पाठवलं’ हा रकाना असतो, त्याच्या शेजारी पेनने आणखी दोन आखा: ‘गेले का’ आणि ‘काय सांगितलं’. दोन्ही कोरे राहिले तर महिन्याभराने पुन्हा फोन करा.

ऊसतोड मुलांचं दुखणं निराळंच आहे. वाळवा, कडेगाव, कराड, फलटण या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या येतात. तुमच्या शाळेची तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये झाली असेल तर ही मुलं त्यात नव्हतीच. गावाकडच्या शाळेत पथक हंगामात गेलं तर तिथेही ती गैरहजर. मुलं हजेरीपटावर आली की तालुक्याच्या पथकाला कळवा आणि निदान थोड्या वेळाची दुसरी भेट मागून घ्या. मुलं परत निघतील तेव्हा तपासणीचा कागद आई-वडिलांच्या मोबाइलवर फोटो काढून द्या. कोप्यांवरून, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरून, आवराआवर करताना कागद कुठे राहील सांगता येत नाही.

डोळे तपासताना सगळा वर्ग आत बसवणं

रांगेतल्या पाचव्या मुलाला तक्ता पाठ झालेला असतो. त्याला दिसत नसलं तरी तो धडाधड वाचतो आणि आपण ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतो. बाकीच्यांना बाहेर थांबवा आणि एकेकाला आत घ्या. अंतर सहा मीटर, म्हणजे वीस फूट. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच वर्गखोल्यांत तक्ता लावून तेवढं अंतर उरत नाही, मग अंदाजाने बारा-पंधरा फुटांवर काम भागवलं जातं. त्यापेक्षा व्हरांड्यात टेपने मोजून खडूची रेघ मारा. उजेड तक्त्यावर पडला पाहिजे, मुलाच्या डोळ्यावर नको. एक डोळा झाकताना तळहाताचा खोलगट भाग वापरायला सांगा. बोटांनी डोळा दाबला तर हात काढल्यावर थोडा वेळ अंधुक दिसतं.

चष्मा मिळाला म्हणून काम संपलं असंही नाही. मुलींचे चष्मे पेटीत राहतात, कारण घरात कुणीतरी ‘आत्तापासून चष्मा? लग्नात अडचण येईल’ म्हणून गेलेलं असतं. चष्मेवाल्या मुलांवर नजर ठेवण्याचं काम वर्गशिक्षकांचंच आहे.

वजन-उंचीबद्दल एकच सांगतो: आकडा मोठ्याने वाचून दाखवू नका. ‘बत्तीस’ ऐकून वर्ग हसला की ती मुलगी पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशी हमखास ‘आजारी’ पडते.

लोहाची गोळी उपाशीपोटी देणं

पहिली ते पाचवीला गुलाबी गोळी असते, सहावी ते बारावीला निळी. निळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. गोळी आठवड्यातून एकदाच आणि जेवणानंतर द्यायची. घोळ होतो तो सोमवारी सुट्टी आली की. राहिलेला साठा संपवायचा म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेत गोळ्या वाटल्या जातात. पोरं चहा-खारी किंवा चहा-बटर खाऊन आलेली असतात, कुणी तेही खाल्लेलं नसतं. मळमळ होते, एकाला उलटी होते, ती बघून आणखी तिघांना होते. गावात बातमी पोचेपर्यंत तिचं ‘विषबाधा’ झालेलं असतं. पुढची दोन वर्षं त्या गावात गोळी कुणी घेत नाही.

गोळी शालेय पोषण आहाराच्या खिचडीनंतर द्या आणि समोर गिळायला लावा, घरी देऊ नका. चहाने लोह शरीरात कमी उतरतं, त्यामुळे आगेमागे तासभर चहा टाळायला सांगा. लिंबू, पेरू, आवळा मात्र सोबत चालतो, उलट त्यांचा फायदाच होतो. शौचाला काळं होतं हे पालक सभेत आधीच सांगून टाका, नाहीतर ‘गोळी उष्ण पडली’ असा निष्कर्ष निघतो. गूळ-शेंगदाणे आपल्याकडे घरोघरी आहेत आणि चांगलेही आहेत, पण अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला तेवढ्यावर सोडू नका.

जंताच्या गोळीचं तंत्र वेगळं. ती चावून खायची, वर पाणी प्यायचं. लहान मुलाच्या तोंडात जबरदस्तीने कोंबू नका, घशात अडकू शकते. त्या दिवशी ताप किंवा दुसरा आजार असलेल्या मुलाला देऊ नका. त्याच्यासाठी पुढे मॉप-अप दिवस, म्हणजे राहिलेल्या मुलांना गोळी द्यायचा दिवस असतो. पोटात जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि बहुतेक वेळा काही तासांत थांबते.

तरीही कुणाला त्रास झालाच तर त्या मुलाला लगेच दुसऱ्या खोलीत न्या, कुशीवर झोपवा आणि भोवतीची गर्दी हटवा. उलटी थांबली की घोट-घोट पाणी द्या. प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि १०८ आधीपासून भिंतीवर लिहिलेले असू द्या. मुलाच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा, दुसऱ्याकडून कळायच्या आत.

पाणी आहे, संडास आहे, पण किल्ली कपाटात

मुली दिवसभर पाणी का पीत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा संडासाच्या दाराला लावलेल्या कुलपात सापडतं. ‘बाहेरची पोरं घाण करतात’ म्हणून कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. आठवीतली मुलगी सरांकडे किल्ली मागायला जाणार नाही. ती पाणी पिणं बंद करते, मग डोकेदुखी आणि लघवीची जळजळ सुरू होते. बाईंचंही तेच होतं, फक्त त्या बोलत नाहीत. किल्ली मुलींच्या वर्गाजवळ खिळ्याला टांगा. आत पाणी, कडी आणि झाकणाची बादली एवढं असलं तरी पाळीच्या दिवसांतली गैरहजेरी कमी व्हायला मदत होते.

कृष्णा-वारणाकाठच्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. पाणी ओसरलं की शाळा सुरू करायची घाई असते आणि टाकी नुसती भरून घेतली जाते. आधी गाळ काढून टाकी घासा, मग टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाका आणि पाणी अर्धा तास थांबवा. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, करून घ्या. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. चिखल काढायला मुलांना लावू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचा जंतू पायाच्या छोट्या जखमेतूनही आत शिरतो.

फाटकाबाहेरची टपरी आपल्या हातात नाही म्हणून सोडून देणं

ती थोडी तरी आपल्या हातात आहे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तेल, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. ग्रामपंचायतीकडून ठराव घेऊन पत्र द्या. मात्र गुरुजींच्याच खिशात पुडी असेल तर त्या पत्राला कुणी विचारत नाही.

शिक्षकांनी स्वतःला तपासणीतून वगळणं

पथक मुलांसाठी येतं. गुरुजी सतरंज्या टाकतात, रांगा लावतात, चहा सांगतात. त्यांचा स्वतःचा बीपी शेवटचा कधी मोजला, ते त्यांनाही आठवत नाही. वर्ग, वर ऑनलाइन माहिती, वर मतदार यादीचं काम. आवाज बसलेला, जेवण दोन वाजता. तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठीची तपासणी उपकेंद्रापर्यंत मोफत मिळते. पण आशाताई घरोघरी याद्या करतात त्या गावात राहणाऱ्यांच्या. पाटण किंवा शिराळ्याच्या शाळेत शिकवणारे आणि कराडला किंवा सांगलीला राहणारे शिक्षक कामाच्या गावात पाहुणे असतात. राहत्या शहरात ते फक्त रात्री असतात. मग ते कुठल्याच यादीत येत नाहीत.

उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बोलवा. त्यात स्वयंपाकी मावशी आणि शिपाई यांनाही धरा. चुलीच्या धुरात उभ्या राहणाऱ्या मावशींचा खोकला आपण ‘नेहमीचाच’ म्हणून ऐकतो. बायकांसाठी दार लागणारी खोली आणि नर्सबाई पाहिजेत. गर्भाशयमुखाची तपासणी शाळेत होणार नाही, तिच्यासाठी आरोग्य केंद्राची तारीख त्याच दिवशी घेऊन ठेवा. मन फार थकलं असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. तो मुलांसाठी आहे तसाच शिक्षकांसाठीही. आणि मेमध्ये बदल्या झाल्या की आरोग्याचं काम बघणारे दोन शिक्षक शाळेत उरलेत का, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात बघून घ्या. नसतील तर नवी नावं तेव्हाच कळवा, नाहीतर तपासणीचं रजिस्टर कोणत्या कपाटात आहे हेही कुणाला सांगता येणार नाही.