कुंडीला पाणी किती दिवसांनी घालायचं, ते आतल्या मिश्रणावर ठरतं

भुसावळला आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप भरायचे, हंडे भरायचे आणि उरलेलं घरातल्या कुंड्यांना घालायचं, ही आमच्या गल्लीतली रीत. माझी पहिली दहा-बारा झाडं या रीतीनेच गेली. पीस लिलीने मान टाकली तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तहानलं वं माय ते, पाणी टाक." मी टाकलं. दोन दिवसांनी झाड उपटलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि नासक्या वासाची. ते झाड पाण्यात बुडून मेलं होतं. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं तहानल्यासारखीच दिसतात, आणि इथेच माणूस फसतो.

तेव्हापासून "आठवड्यातून दोनदा पाणी घाला" असा सल्ला ऐकला की मला राग येतो. एकच खिडकी, एकाच मापाच्या दोन प्लास्टिकच्या कुंड्या आणि एकाच वेलाची दोन कलमं घेऊन मी स्वतः बघितलंय. श्रावणात काळ्या मातीतली कुंडी पंधरा दिवस ओली राहिली, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मोकळ्या मिश्रणातली सहाव्या दिवशी पाणी मागू लागली. दोघींना एकच वेळापत्रक लावलं असतं तर एक नक्की मेली असती.

कुंडीला भोकं हवीत, हे सांगत बसत नाही. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत थेट झाड लावू नका, तिच्या आत भोकाची साधी कुंडी ठेवा.

शेतातली काळी माती घरात आणू नका

खानदेशात हे बोललं की लोक दुखावतात. तापीकाठची काळी कसदार जमीन, तिच्यात कापूस होतो, केळी होते, मग कुंडीत का नको? कारण शेतात त्या मातीखाली कित्येक फूट खोल माती असते. वरचं पाणी खाली ओढलं जातं, भेगांमधून हवा आत जाते. कुंडीत खाली आहे फक्त आठ इंच आणि मग तळ. या मातीचे कण अतिशय बारीक आणि फुगणारे. ओली झाली की चिकटून बसते, हवेला जागा उरत नाही. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बशीत उतरतं, आपण समजतो पोटभर पाणी झालं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. म्हणजे एकाच मातीत झाड एकदा बुडतं आणि एकदा वाळतं. अंगणातल्या मोठ्या कुंडीत, उन्हात, थोडी काळी माती चालते. घरात शून्य.

माझं मिश्रण

धुतलेलं कोकोपीट ३ भाग, पर्लाइट (खडक तापवून फुलवलेले पांढरे, हलके दाणे) २ भाग, जाड वाळू १ भाग, गांडूळखत १ भाग. पर्लाइट महाग वाटलं तर भाताचं तूस घ्या. नवापूरकडे भात पिकतो, गिरणीवर तूस मिळतं. ते अर्धवट भाजून काळं केलेलं असेल तर उत्तम, कारण कच्चं तूस हळूहळू कुजून बसतं. वाळू चाळून घ्या, ज्वारीच्या दाण्याएवढी राहिली पाहिजे. बांधकामाची बारीक वाळू घातली तर ती कोकोपीटच्या फटी बुजवते आणि पाणी जास्तच धरून ठेवते. "वाळू घातली की निचरा होतो" हे अर्धवट ज्ञान आहे.

स्नेक प्लांटला कोकोपीट एका भागावर आणा आणि विटांचे बारीक तुकडे वाढवा. पीस लिलीला वाळू काढून टाका.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजली की ६०–७० लिटरपर्यंत फुलते. तिच्यात क्षार असतात, त्यामुळे धुतल्याशिवाय वापरू नका. पिळल्यावर चहासारखं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा. मग कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ते ३ ग्रॅम घेऊन त्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी पुन्हा एकदा धुवा. केळीवाले हे खत ठिबकमधून सोडतात, त्यामुळे आपल्याकडच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं.

तळाचा ओला थर: इथे माझी तीन वर्षं गेली

मिश्रण चांगलं करूनही माझी झाडं मरत होती. कारण मी प्रत्येकाचं ऐकून कुंडीच्या तळाला दोन-तीन इंच खडे घालत होते. नर्सरीवाले सांगतात, नातेवाईक सांगतात, रोपाच्या पिशवीवर छापलेलं असतं: निचऱ्यासाठी तळाला खडे घाला. कृपा करून घालू नका.

घरातला जाड स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, तळहातावर सपाट धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही असंच होतं. पाणी घालून झाल्यावर भोकातून गळणं थांबलं, तरी तळाशी काही बोटं जाडीचा थर पूर्ण भिजलेला राहतो. मिश्रणाचे बारीक कण ते पाणी धरून ठेवतात आणि खालच्या हवेत सोडत नाहीत. या थराची जाडी मिश्रण किती बारीक आहे त्यावर ठरते. कुंडी उंच असो की बुटकी, त्याच मिश्रणात थर तेवढाच जाड राहतो.

आता तळाला खडे घाला. खड्यांमधल्या मोठ्या पोकळीत पाणी सहज उतरेल असं वाटतं, पण बारीक मिश्रण पाणी घट्ट धरतं आणि पूर्ण भिजल्याशिवाय खाली सोडत नाही. त्यामुळे ओला थर नाहीसा होत नाही, तो खड्यांच्या वर जाऊन बसतो. आठ इंची कुंडीत तीन इंच खडे घातले म्हणजे झाडाला पाच इंची कुंडी दिली आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणला. हे कळलं त्या दिवशी मी नऊ कुंड्या रिकाम्या केल्या. चार झाडं वाचली.

भोकातून मिश्रण गळू नये म्हणून डासांच्या जाळीचा तुकडा पुरतो.

बुटक्या, पसरट कुंड्या दिसायला छान असतात, पण त्यांच्यात बराचसा भाग ओल्या थराचाच असतो. घरात उंच कुंडी घ्या. बुटकीच हवी असेल तर मिश्रण आणखी मोकळं करा आणि पाणी आणखी अंतराने घाला.

आपल्या मिश्रणात हवा किती राहते हे मोजता येतं, आणि मी प्रत्येक नव्या मिश्रणाला हे करते. भोकांना बाहेरून चिकटपट्टी घट्ट लावा. कुंडी काठोकाठ पाण्याने भरा आणि ते पाणी मापून घ्या. समजा ४ लिटर भरलं. कुंडी रिकामी करून मिश्रण भरा, दोन-तीनदा जमिनीवर हलकेच आपटून बसू द्या, हाताने दाबू नका. आता सावकाश पाणी घाला, पृष्ठभागावर पाणी चकाकेपर्यंत. रात्रभर ठेवा. सकाळी पाणी खाली गेलेलं दिसेल, पुन्हा चकाकेपर्यंत भरा. मग कुंडी टबावर धरून पट्ट्या काढा आणि गळणं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. टबातलं पाणी मापा. ७०० मिलिलिटर निघालं तर ४ लिटरच्या मानाने ते साडेसतरा टक्के झालं. पाणी गेलं त्या जागी आता हवा आहे.

घरातल्या झाडांना मला ही हवा १५ ते २५ टक्के लागते. १० च्या खाली आलं की ते मिश्रण मी वापरत नाही, मग त्यात कितीही भारी खत असो. काळ्या मातीची कुंडी मी अशीच मोजली होती, १५० मिलिलिटरसुद्धा निघालं नाही, म्हणजे ४ टक्क्यांहूनही कमी. उलट ३० टक्क्यांच्या वर गेलं तर मे महिन्यात रोज पाणी घालायची तयारी ठेवा, किंवा गांडूळखत आणि कोकोपीट थोडं वाढवा. हा एक आकडा हातात आला की पाणी किती दिवसांनी लागेल याचा अंदाज बांधता येतो.

नर्सरीच्या पिशवीतला गोळा

नवीन आणलेलं रोप बहुतेक वेळा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा तसाच मोकळ्या मिश्रणात बसवला तर एका कुंडीत दोन माती होतात. बाजूचं मिश्रण चार दिवसांत वाळतं, गोळा दहा दिवस चिखल राहतो. तो एकदा वाळून दगड झाला तर पाणी त्याच्या कडेने निघून जातं आणि आत शिरत नाही. गोळा बादलीत तासभर भिजवा, बोटांनी सावकाश माती सोडवा, निदान दोन तृतीयांश तरी काढा. मुळं थोडी तुटतील, घाबरू नका. नंतर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

पाणी कधी? कुंडी उचला

बोट खुपसून बघायचा उपाय कोकोपीटला लावू नका. वरचा इंचभर भाग फिकट, कोरडा होतो आणि खाली ओल तशीच असते. वजन खोटं बोलत नाही. पाणी घालून निथळल्यावर कुंडी उचला, आणि तहानल्यावर पुन्हा उचला. दोन-तीनदा केलं की हाताला कळतं. मी सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा वापरते. माझी एक कुंडी भरल्यावर ३,२०० ग्रॅम असते आणि मी २,३०० वर आली की पाणी घालते. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो, म्हणजे ९०० मिलिलिटर गेलंय हे लगेच कळतं. घालताना थोडं जास्त घाला, घातलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा खालून गळला पाहिजे, आणि बशी अर्ध्या तासात रिकामी करा.

दिवस मोजायचेच असतील तर याच कुंडीचे माझ्या घरातले सांगते. जानेवारीच्या थंडीत ९–१० दिवस. पावसाळ्यात ६–७. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा खिडकीजवळ, झळ लागते तिथे, २ दिवस. त्याच मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीत ४ दिवस, कारण कूलर हवेत ओल सोडतो. मात्र कूलरचा झोत थेट पानांवर घेऊ नका. मातीच्या कुंडीतून भिंतीवाटेही पाणी उडतं, म्हणून हे सगळे आकडे तिच्यासाठी आणखी खाली येतात. तुमचे आकडे वेगळे येतील. ते तुमच्या काट्यावरूनच काढा, माझे उतरवून घेऊ नका.

एखाद्या वेळी गावाला गेलात आणि मिश्रण पार वाळून भिंतीपासून सुटलं, तर वरून पाणी ओतून उपयोग नाही. कुंडी कडेपर्यंत पाण्याच्या बादलीत अर्धा तास बसवा आणि मग निथळा.

पाणी कोणतं

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. कुंडीच्या बाहेर आणि मातीवर पांढरी खरपुडी धरते, ते क्षार. थोडंथोडं पाणी रोज घातलं की खालून काही गळत नाही आणि क्षार आतच साठतात. म्हणून एकदाच भरपूर, मग वाट. आरओचं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण कुंड्यांना घालतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवा, घरातल्या झाडांना याहून चांगलं पाणी नाही.

मिश्रण म्हातारं होतं

दीड-दोन वर्षांत कोकोपीट कुजून बारीक होतं, कुंडीतली पातळी दोन बोटं खाली जाते, हवेची जागा कमी होते. वरून काही दिसत नाही. पण पूर्वी पावसाळ्यात सहा दिवसांत २,३०० वर येणारी कुंडी आता दहा दिवस घेते, किंवा मातीवर बारीक काळ्या माश्या उडायला लागतात, तेव्हा समजा की मिश्रण बदलायची वेळ आली. हे काम मृगाचा चांगला पाऊस होऊन हवा गार झाल्यावर करा. एप्रिल-मे मध्ये मुळांना हात लावू नका. तोवर अशा कुंडीला पाणी कमी वेळा घाला आणि काट्यावरची नजर काढू नका.