टी-रेग मोजण्याआधी फुप्फुस नीट धुवायला शिका

उंदरांमधल्या ॲलर्जीच्या दम्यावर काम सुरू केलं की टी-रेग (नियामक टी) पेशी मोजायची घाई होते. या पेशी दाह आवरतात हे खरं, पण आवरायला आधी दाह हवा आणि तो दरवेळी सारखा यायला हवा. म्हणून प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मिळाली की सुरुवातीचे काही प्रयोग साध्या ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन) पद्धतीवरच करा.

बॅल्ब-सी जातीच्या ६ ते ८ आठवड्यांच्या माद्या घ्या. ० आणि १४ व्या दिवशी पोटात इंजेक्शन द्या: २० मायक्रोग्रॅम ओव्हाल्ब्युमिन, २ मिलिग्रॅम ॲलम (प्रतिकारशक्ती चेतवणारा ॲल्युमिनियमचा क्षार), एकूण २०० मायक्रोलिटर. मिश्रण अर्धा तास हलतं ठेवा, कारण प्रथिन ॲलमला चिकटायला वेळ लागतो. २१ ते २३ व्या दिवशी ओव्हाल्ब्युमिनच्या १ टक्का द्रावणाचा फवारा रोज २०-३० मिनिटं द्या आणि शेवटच्या फवाऱ्यानंतर २४ ते ४८ तासांनी नमुने घ्या. तुलनेच्या गटाला इंजेक्शन तेच, फवारा मात्र नुसत्या पीबीएसचा (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी). ओव्हाल्ब्युमिनमध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) असेल तर न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढून चित्र बिघडतं. फवारे आठवडेच्या आठवडे लांबवले तर उंदीर सहनशील होतात आणि दाह उतरतो.

दाह किती आला हे फुप्फुस धुवून पाहतात. श्वासनलिकेत कॅन्युला (बारीक नळी) बसवून दोऱ्याने घट्ट बांधा. गार पीबीएस ०.८ मिली, अगदी हळू आत सोडा आणि परत ओढा, तीनदा. घातलेल्यातलं साधारण ८० टक्के परत यायला हवं; कमी आलं तर कॅन्युला गळतेय किंवा फार खोल जाऊन एकाच फुप्फुसात शिरली आहे. सायटोकाइन (पेशींची निरोप्या प्रथिनं) मोजण्यासाठी पहिल्याच धुवणातल्या पेशी खाली बसवून वरचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर आयएल-५ सारखा सायटोकाइन पातळ होऊन दिसेनासा होतो. निरोगी उंदराच्या धुवणात जवळपास सगळ्या मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) दिसतात, ॲलर्जीत इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बहुतेकदा निम्म्याच्या आसपास जातात. फ्लो सायटोमेट्रीत (पेशी रंगवून लेझरने एकेक मोजण्याची पद्धत) सिग्लेक-एफ हा पृष्ठभागावरचा खुणेचा रेणू दोन्हींवर असतो. सीडी११सी ही दुसरी खूण जास्त असेल तर वायुकोशातली मॅक्रोफेज, कमी असेल तर इओसिनोफिल. इथे नवखे हमखास फसतात.

आता टी-रेग. नुसत्या सीडी२५ या पृष्ठभागावरच्या खुणेवर विसंबू नका, चेतवलेल्या साध्या टी पेशीही तो दाखवतात. टी-रेगच्या आतलं खुणेचं प्रथिन फॉक्सपी३ रंगवायलाच हवं. टक्का आणि एकूण संख्या दोन्ही लिहा. दाहात टी-रेगही वाढतात, त्यामुळे वाढ दिसली म्हणजे नियंत्रण सिद्ध झालं असं होत नाही. ते सिद्ध करायला टी-रेग पेशी शरीरातून काढून टाकून पाहाव्या लागतात. त्यासाठी वापरतात ती सीडी२५ विरोधी अँटिबॉडी चेतलेल्या टी पेशींनाही गाठते. फॉक्सपी३ च्या जनुकावर डिप्थेरिया टॉक्सिनचा ग्राहक (रिसेप्टर) बसवलेले उंदीर, ज्यांना टॉक्सिन दिलं की टी-रेगच मरतात, यापेक्षा नेमके, पण पेशी फार दिवस काढून ठेवल्या तर सगळ्या शरीरात दाह उसळतो आणि फुप्फुसातला बदल वेगळा काढता येत नाही. शिवाय पेशी इंजेक्शनआधी काढल्या तर ॲलर्जी रुजण्याविषयी कळतं, फवाऱ्याआधी काढल्या तर रुजलेली ॲलर्जी आवरण्याविषयी. यातला कोणता प्रश्न तुमचा, हे उंदीर मागवण्याआधीच ठरवा.