प्रौढांना इंग्रजी शिकवायला निघालात? आधी त्यांच्या पिशवीतले कागद बघा

भांडुपला संध्याकाळी मी प्रौढांचा इंग्रजी वर्ग घेते. बीड, जालन्याकडून आलेल्या घरकाम करणाऱ्या बायका, सिक्युरिटीतले पुरुष, काही उत्तर प्रदेश-बिहारचे. नवे शिक्षक पहिल्यांदा विचारतात, पुस्तक कुठलं घ्यायचं? मी म्हणते, घरात इंग्रजीत छापलेलं जे काही असेल ते आणायला सांगा. केसपेपर, पासबुक, गोळ्यांची स्ट्रिप, पोरांच्या शाळेची नोटीस. ज्यांनी अख्खा संसार ओढला त्यांना 'ए फॉर ॲपल' म्हणायला लावू नका.

मुंबईत बोलण्यावाचून फारसं अडत नाही, मराठी-हिंदीत भागतं. अडतं ते वाचताना. म्हणून सुरुवात कॅपिटल अक्षरांनी आणि आकड्यांनी करावी.

मी आधी फळ्यावर मध्य रेल्वेच्या लोकलचा, फलाटावरचा इंडिकेटर काढते. कल्याणला 'के', कसाऱ्याला 'एन', कर्जतला 'एस'. आणि स्लो गाडीलाही 'एस'च! मग तो 'एस' कुठल्या रकान्यात आहे, हे बघायची सवय लावावी लागते. गाडीचं नाव, वेळ, स्लो की फास्ट, किती डबे, या क्रमाने नजर फिरली पाहिजे. भांडुपला उतरणाऱ्याला हे दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडतं, आणि माणूस वर्गाला टिकतो.

औषधांना मात्र भरपूर वेळ द्या. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एसओएस' गरज पडली तरच. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. स्ट्रिपवर एमएफजी (बनवल्याची तारीख) आणि एक्सपी (मुदत संपायची तारीख) शेजारी शेजारी असतात, त्यांची गल्लत होते. एक्सपीत नुसता महिना असेल तर त्या महिनाअखेरपर्यंत औषध चालतं. वर्गातल्या एक मावशी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आता तारखेच्या उलट्या टोकाकडून कापतात, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते. हे त्यांचं त्यांनाच सुचलं, आणि आता मी सगळ्यांना तेच शिकवते. डोसबद्दल शंका असेल तर मात्र डॉक्टरांकडेच पाठवायचं, आपण सल्ला द्यायचा नाही.

बँकेचं थोडक्यात. आयएफएससी म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, 11 अक्षरांचा, पाचवं नेहमी शून्य. तिथे हमखास 'ओ' लिहितात. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. कुणाचा ओटीपी, आधारची झेरॉक्स वर्गात मागू नका.

ड्युटी बदलते, पाणी उशिरा येतं, गावाला जावं लागतं. खाडे होणारच, त्यावरून बोलू नका. रोजचा धडा त्याच दिवशी पूर्ण होईल असा बेतलात, तर आठवड्याने आलेल्यालाही परकं वाटत नाही.

ज्यांना मराठी किंवा हिंदीही वाचता येत नाही, त्यांना आधी केंद्राच्या 'उल्लास' कार्यक्रमाकडे न्या. तो 15 वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे, त्यात आरोग्य आणि पैशाचे व्यवहारही शिकवतात. तिथे शिकवणारे स्वयंसेवकच असतात, तेव्हा तुम्हीही नाव नोंदवू शकता.